जॉन पोस्टेल : इंटरनेटची वही सांभाळणारा माणूस

राउटर कॉन्फिगर करताना आपण सारखे आकडे टाकत असतो. टीसीपीचा प्रोटोकॉल नंबर ६, यूडीपीचा १७, मेलचं पोर्ट २५, बीजीपीचं १७९. हे आकडे ठरवले कुणी? सेकंड इयरला मला हा प्रश्न पडला आणि उत्तर शोधता शोधता एकच नाव पुन्हा पुन्हा समोर यायला लागलं. जोनाथन ब्रूस पोस्टेल, म्हणजेच जॉन पोस्टेल. लांब दाढी, पायात सँडल, आणि ज्याच्या हाताखालून इंटरनेटचा जवळजवळ प्रत्येक नंबर गेला असा माणूस.

मित्रांनो, पेपरला पोस्टेलवर दहा मार्कांचा प्रश्न आलेला मी तरी पाहिला नाही. तरीही त्यांच्यावर लिहायला बसलो त्याला कारण आहे. पोस्टेल यांच्या नावावर एक प्रसिद्ध नियम आहे. आपण पाठवताना काटेकोर राहावं, आणि दुसऱ्याकडून येणारं स्वीकारताना मात्र मन मोठं ठेवावं, असा त्याचा मतितार्थ. आणि राउटिंग शिकताना आपल्याला जो रूट-मॅप नावाचा प्रकार शिकवतात, तो नेमका उलटं सांगतो : समोरच्यानं दिलेलं डोळे झाकून घेऊ नकोस. मग पोस्टेल चुकले होते का? कबनूरच्या हॉस्टेलवर, शेजारच्या मागांच्या खडखडाटात, हा वाद आम्ही दोन रात्री घातलाय. माझी बाजू कुठली ते पुढं येईलच.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनाचा. शाळा व्हॅन नाईज हायस्कूल. या शाळेचं नशीब बघा, व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही तिथलेच विद्यार्थी. तिघंही पुढं यूसीएलए विद्यापीठात एकाच लॅबमध्ये भेटले. पोस्टेल यांनी तिथून १९६६ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ साली मास्टर्स आणि १९७४ साली कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी.

यूसीएलएमध्ये लेनर्ड क्लाइनरॉक यांची लॅब होती. अर्पानेटचा पहिला आयएमपी, म्हणजे आजच्या राउटरचा आजोबा, १९६९ साली याच लॅबमध्ये बसला आणि २९ ऑक्टोबर १९६९ ला तिथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडं पहिला संदेश गेला. त्या पोरांपैकी एक पोस्टेल. सगळे आपल्यासारखेच विद्यार्थी! वरून कुणी मोठा माणूस येऊन नियम सांगेल म्हणून ते वाट बघत होते, कुणी आलंच नाही. मग क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ ला स्वतःच पहिलं टिपण लिहिलं आणि त्याला नाव दिलं रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स, म्हणजे आरएफसी. हुकूम काढतोय असं वाटू नये म्हणून इतकं नरम नाव. या टिपणांचं संपादन पुढं पोस्टेल यांच्याकडं आलं आणि मरेपर्यंत त्यांच्याकडंच राहिलं.

नंबरांचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. मे १९७२ च्या आरएफसी ३४९ मध्ये त्यांनी सुचवलं, की सॉकेट नंबर वाटायला कुणीतरी एक झार नेमावा, आणि कंसात प्रश्नचिन्ह टाकून हळूच स्वतःचं नाव पुढं केलं. कोणी हरकत घेतली नाही. झालं! ती वही त्या दिवसापासून त्यांची. कुठल्या नेटवर्कला कुठला पत्ता, कुठल्या प्रोटोकॉलला कुठला आकडा, पुढं कुठल्या ऑटोनॉमस सिस्टिमला कुठला एएस नंबर, सगळं त्या वहीत. १९७७ साली ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, मरीना डेल रे इथं गेले तेव्हा वहीही सोबत गेली. या कामालाच पुढं आयएएनए म्हणायला लागले. नाव एखाद्या मोठ्या सरकारी खात्यासारखं वाटतं, पण प्रत्यक्षात पोस्टेल, त्यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स आणि मोजकी माणसं, एवढाच तो कारभार.

आता एक गोष्ट, जी आमच्या वादात माझ्या फार कामाला आली. नोव्हेंबर १९७५ मध्ये पोस्टेल यांनी आरएफसी ७०६ लिहिलं. पुरतं एक पानही नाही. विषय जंक मेल! १९७५ साली! त्यात त्यांची तक्रार अशी, की अर्पानेटवरच्या एखाद्या कॉम्प्युटरला दुसऱ्या ठरावीक कॉम्प्युटरकडून येणारे संदेश नाकारायची सोयच नाही. समोरचा बिघडलेला असो किंवा नुसता त्रास देत असो, येईल ते घ्यावंच लागतं. यावर त्यांनी उपाय सुचवला, की आपल्या आयएमपीला सांगता आलं पाहिजे : अमक्याकडून आलेलं काही आत घेऊ नकोस. म्हणजे फिल्टर. मन मोठं ठेवा सांगणाऱ्या माणसानं त्याआधी चार-पाच वर्षं दार लावायची कडी मागितली होती.

तो प्रसिद्ध नियम आला टीसीपीच्या कागदात. जानेवारी १९८० चं आरएफसी ७६१, आणि मग सप्टेंबर १९८१ चं आरएफसी ७९३. त्या महिन्यात पोस्टेल यांच्या संपादनाखाली आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी अशी तीन कागदपत्रं एकापाठोपाठ निघाली : ७९१, ७९२, ७९३. आपलं अर्धं पुस्तक या तीन कागदांवर उभं आहे. यूडीपीचं ७६८ आणि मेलचं ८२१ हेही त्यांचंच. त्यांच्या नावावर दोनशेहून जास्त आरएफसी आहेत. जुन्या एनसीपीवरून टीसीपी-आयपीवर सगळ्यांनी कसं यायचं त्याचा आराखडा त्यांनीच लिहिला, आणि १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट बदललं.

नियम का केला असेल, ते त्या काळात जाऊन बघितलं की पटतं. वेगवेगळ्या कंपन्यांची मशिन्स, वेगवेगळ्या विद्यापीठांतली पोरं, प्रत्येकानं तोच कागद वाचून आपापला कोड लिहिलेला. एकाचा एखादा बिट इकडंतिकडं झाला म्हणून दुसऱ्यानं कनेक्शनच तोडलं असतं, तर नेटवर्क जोडलंच गेलं नसतं. भाषा थोडी अशुद्ध असली तरी अर्थ कळतोय ना, मग घे समजून, इतका साधा मुद्दा. शिरोळची मराठी आणि चंदगडची मराठी एकमेकांना कळतेच की.

पण भाषा समजून घेणं वेगळं आणि सांगितलेली गोष्ट खरी मानणं वेगळं. राउटिंगमध्ये नेमका इथं घोटाळा होतो. याचा पहिला मोठा दणका बसला २७ ऑक्टोबर १९८० ला. अर्पानेटच्या एका आयएमपीच्या हार्डवेअरनं बिट गाळले आणि एकाच राउटिंग अपडेटच्या तीन आवृत्त्या तयार झाल्या, क्रमांक ४४, ४० आणि ८. क्रमांक सहा बिटांचे, म्हणजे ६३ नंतर पुन्हा ०, घड्याळासारखे गोल. त्या गोल हिशेबात ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा, आणि ८ हा पुन्हा ४४ पेक्षा नवा! प्रत्येक आयएमपीनं प्रामाणिकपणे नवीन समजून स्वीकारलं आणि पुढं पाठवलं. तीन अपडेट गोल गोल फिरत राहिले आणि सगळं नेटवर्क काही तास आडवं झालं. एरिक रोझेन यांनी या प्रकाराचं शवविच्छेदन आरएफसी ७८९ मध्ये केलंय. मी तर म्हणेन, कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा वाचावं. रहस्यकथेसारखं आहे.

मधल्या काळात पोस्टेल यांची वही फुगत चालली होती. पॉल मोकापेट्रिस यांना डीएनएसच्या कामाला लावलं ते त्यांनीच. ऑक्टोबर १९८४ मध्ये रेनॉल्ड्स यांच्यासोबत त्यांनी .कॉम, .एज्यु, .ऑर्ग या वरच्या डोमेनचे नियम लिहिले. देशांची नावं ठरवताना त्यांनी हुशारी केली. कुठला प्रदेश देश आणि कुठला नाही या भांडणात न पडता आयएसओची तयार दोन अक्षरी यादी घेतली. त्याच वहीतून १९८९ साली आपलं .इन आलं. त्याचा कारभार मुंबईत जुहूच्या एनसीएसटीकडं होता. एर्नेट प्रकल्पात देशातली संशोधन केंद्रं जोडणाऱ्या संस्थांतली ती एक. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं त्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट.

आणि याच १९८९ साली बीजीपी जन्माला आला. जानेवारीत टेक्सासमधल्या ऑस्टिनला आयईटीएफची बैठक होती. तिथं जेवताना कर्क लॉघीड आणि याकोव्ह रेक्टर यांनी नॅपकिनवर त्याचा आराखडा खरडला, आणि जूनमध्ये पोस्टेल यांच्या मालिकेत तो आरएफसी ११०५ म्हणून छापला गेला. आज सगळं जग ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल, आणि त्याच्या मुळात तपासणी अशी काही नाही. शेजाऱ्यानं सांगितलं, ते मी ऐकलं, पुढच्याला सांगितलं.

ज्युनिअर मंडळींसाठी हे जरा उकलून सांगतो. समजा इचलकरंजीच्या स्टँडबाहेर वडापवाला कोल्हापूर, कोल्हापूर म्हणून ओरडतोय. म्हणजे तो रूट ॲडव्हर्टाइज करतोय. तुम्ही त्याच्या गाडीत बसता, कारण तो म्हणाला. शेजारी दुसरा ओरडतो महाद्वार रोड, महाद्वार रोड. तुम्हाला अंबाबाईच्या देवळात जायचं असेल तर तुम्ही दुसऱ्याकडं पळणार, कारण त्याचा पत्ता जास्त नेमका. राउटरही असाच वागतो, लाँगेस्ट प्रिफिक्स मॅच म्हणतात ते हेच. आता तो दुसरा खरं तर कबनूरच्या पुढं जातच नसेल तर? बीजीपीला ते कळत नाही. गाडी भरते आणि लोक कबनूरला उतरतात.

हे थांबवायचं हत्यार म्हणजे रूट-मॅप. बीजीपीच्या शेजाऱ्यासमोर तो दोन दिशांनी लावता येतो, इन आणि आउट. आत क्रमांक दिलेली कलमं असतात, १०, २०, ३० अशी. प्रत्येक कलम परमिट किंवा डिनाय. कलमात मॅच असेल तर अट, सेट असेल तर बदल. आलेला प्रत्येक रूट वरून खाली तपासला जातो आणि जिथं पहिल्यांदा जुळतो तिथं निकाल लागतो. कुठंच जुळला नाही तर शेवटी न लिहिलेला डिनाय असतोच. इथं बरेच जण अडकतात : वाईट रूट अडवायला तीन डिनाय लिहिले आणि खाली रिकामा परमिट लिहिला नाही, तर चांगले रूटही गेले. दुसरी गोम अशी, की प्रिफिक्स-लिस्टमधला डिनाय म्हणजे रूट फेकून दे असं नव्हे. या कलमाशी तो जुळला नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि रूट पुढच्या कलमाकडं सरकतो. व्हायव्हाला हमखास विचारण्यासारखा प्रश्न आहे.

एका कॉलेजनं दोन कंपन्यांकडून लाइन घेतली असं धरा. पहिलीकडून शिकलेले रूट कॉलेजच्या राउटरनं दुसरीला सांगितले, तर दुसरीला वाटणार की पहिलीकडं जायचा रस्ता या कॉलेजातून आहे. मग दोन बड्या कंपन्यांची वाहतूक कॉलेजच्या बारक्या लाइनवर! म्हणून आउट दिशेला एकच कलम ठेवायचं, परमिट १०, मॅच फक्त स्वतःचा ब्लॉक. बाकीचं शेवटचा अदृश्य डिनाय बघून घेतो. इन दिशेला स्वतःचाच ब्लॉक बाहेरून येत असेल तर डिनाय, १० नं सुरू होणारे आणि १९२.१६८ वाले खासगी पत्ते डिनाय, /२४ पेक्षा बारीक तुकडे डिनाय, आणि मग बाकीच्यांना परमिट. एक लक्षात घ्या, रूट-मॅप इथं जाहिरात गाळतो, पॅकेट नाही. पण तुम्ही जाहिरात केलीच नाही तर कुणी त्या वाटेनं पॅकेट पाठवतही नाही. वडापवाला ओरडलाच नाही तर गाडीत कोण बसणार?

आणि हे सगळं आपल्यापासून लांब आहे असं कुणी समजू नये. एका हॉस्टेलवर (नाव राहू दे) कुणीतरी रूममधल्या लॅन पॉइंटला घरून आणलेला वायफाय राउटर उलटा जोडला आणि अख्खा मजला संध्याकाळभर बंद. त्या राउटरनं सगळ्यांना आपापल्या मनानं पत्ते वाटायला सुरुवात केली, आणि प्रत्येक लॅपटॉपनं ते मोठ्या मनानं स्वीकारले. प्रोटोकॉल तिथं डीएचसीपी होता, बीजीपी नव्हे. स्वभाव तोच.

मोठ्या प्रमाणावर हे पोस्टेल यांच्या हयातीतच घडलं. २५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीच्या, एएस ७००७ च्या राउटरनं जगभरचे रूट /२४ च्या तुकड्यांत फोडून स्वतःच्या नावानं परत जाहीर केले. तुकडे नेमके, म्हणून सगळे तिकडं पळाले. राउटर बंद केल्यावरही ते खोटे रूट बराच वेळ इंटरनेटवर फिरत होते.

आता १९९८ ची ती गोष्ट. पोस्टेल यांच्या चरित्रातला मला सगळ्यात कोड्यात टाकणारा भाग हाच. डीएनएसच्या मुळाशी रूट सर्व्हर असतात आणि त्यांची मूळ यादी व्हर्जिनियातल्या नेटवर्क सोल्युशन्स कंपनीच्या सर्व्हरवरून सगळ्यांकडं जायची. इंटरनेटची मालकी कुणाची, अमेरिकन सरकारची, त्या कंपनीची की ज्यांनी ते बांधलं त्यांची, यावरून भांडण पेटलं होतं. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना ईमेल केला : यादी आता कंपनीकडून न घेता माझ्याकडून घ्या. आठ जणांनी ती घेतली! कुणाची सही नाही, शिक्का नाही, सरकारची परवानगी नाही. जॉन म्हणाला, बास. यादी दोन्हीकडं सारखीच असल्यानं वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही, पण क्लिंटन सरकारचे सल्लागार आयरा मॅगझिनर भडकले. पोस्टेल यांनी ती एक चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं.

काही जण याला बंड म्हणतात, काही खरंच चाचणी म्हणतात. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या आठ जणांनी जे केलं ते बीजीपीच्या शेजाऱ्यासारखंच होतं. ओळखीच्यानं जाहिरात केली आणि त्यांनी स्वीकारली. जाहिरात करणारा पोस्टेल होता म्हणून काही बिघडलं नाही. दुसरा कुणी असता तर?

त्याच वर्षी नंबर आणि नावांचा कारभार एका स्वतंत्र संस्थेकडं सोपवायचं ठरलं, आणि त्या घडणीत पोस्टेल स्वतः होते. ३० सप्टेंबर १९९८ ला आयकॅन स्थापन झालं. त्यानंतर सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत पोस्टेल गेले. वय फक्त ५५. दुसऱ्याच दिवशी शाळासोबती व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, आणि तो आरएफसी २४६८ म्हणून त्याच मालिकेत छापला गेला. इतकी वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या लेखांना नंबर दिले, त्यांच्या जाण्यालाही नंबर मिळाला.

आता आमच्या वादाचं. माझा रूम पार्टनर म्हणतो, पोस्टेल यांच्या नियमानंच इंटरनेटला ढिलं केलं. त्याच्याकडं पुरावे आहेत. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला फक्त आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. त्यासाठी बनवलेला /२४ चा रूट बाहेर निसटला, वरच्या पीसीसीडब्ल्यू कंपनीनं तो न गाळता पुढं दिला आणि जगभरचं यूट्यूब सुमारे दोन तास गायब झालं. १२ मार्च २०१५ ला तर आपल्या महाराष्ट्रातूनच झालं. मुंबईच्या हॅथवेकडून गुगलचे तीनशेहून जास्त रूट एअरटेलकडं गेले, एअरटेलनं ते जगाला सांगितले आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचं गुगल अडलं. असे रूट अडवायच्या जागा दोन असतात, देणाऱ्याचा आउट आणि घेणाऱ्याचा इन. दोन्हीकडून ते सुटले.

माझं म्हणणं वेगळं आहे. पोस्टेल यांचा नियम संदेशाच्या आकाराबद्दल होता, त्यातल्या दाव्याबद्दल नव्हता. दावा आला की ते स्वतः भलते कडक असत. नंबर मागायला आलेल्या प्रत्येकाला ते कशासाठी हवा म्हणून विचारत, आरएफसीत काय छापायचं आणि काय नाही ते बघत. कित्येक वर्षं इंटरनेटचा रूट-मॅप म्हणजे तो दाढीवाला माणूसच होता, आणि बाकीच्यांना तपासायची सवय लागली नाही याचं एक कारण तेही असेल. त्यांच्याच इन्स्टिट्यूटमधले बॉब ब्रेडन यांनी ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये हा नियम पुन्हा सांगताना जोड दिली, की नेटवर्क वाईट हेतूच्या लोकांनी भरलंय असं धरूनच सॉफ्टवेअर लिहा. ते वाक्य लोकांनी सोयीनं विसरलं. पार्टनरला हे अजून पटलेलं नाही. जून २०२३ चं आरएफसी ९४१३ तो माझ्या तोंडावर फेकतो, त्यात या मोठ्या मनानं प्रोटोकॉल कसे कुजतात ते सविस्तर दिलंय.

निकाल काही असो, राउटर बदललेत. जुलै २०१७ मध्ये आरएफसी ८२१२ आलं. दुसऱ्या एएसच्या शेजाऱ्यासाठी पॉलिसी लिहिलेली नसेल, तर त्याच्याकडून एकही रूट घ्यायचा नाही आणि त्याला एकही द्यायचा नाही, असं त्यात आहे. सिस्कोच्या जुन्या आयओएसवर शेजारी जोडला की रूट धो धो यायला लागतात. तोच प्रयोग एफआरआर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर करून बघा. सेशन जुळतं, सगळं ठीक दिसतं, पण जिथं आलेल्या रूटची संख्या दिसायला हवी तिथं कंसात पॉलिसी एवढाच शब्द येतो. इन आणि आउटचे रूट-मॅप लिहून लावले की मग आकडा दिसायला लागतो.